कवळीतलं नाव

ओल्डमच्या लॅबमध्ये मी मेणात दात लावते,
एकोणतीस वर्षं झाली.
वरचे चौदा, खालचे चौदा.
अक्कलदाढा कवळीत नसतात,
त्या कुणी मागतही नाही.

केअर होमची कवळी असली की आणखी एक काम.
गुलाबी अ‍ॅक्रिलिक घट्ट व्हायच्या आत
मागच्या कडेला एक चिमुकली पट्टी पुरायची,
तांदळावर कोरावं तेवढ्या अक्षरात नाव.
रात्री सगळ्यांचे दात शेजारी शेजारी भिजतात,
सकाळी कुणाचं हसू कुणाच्या तोंडात जातं.

डी. ऑग्डन.
हे मी गेल्या मार्चमध्ये पुरलं.

तिचा मुलगा सांगत होता,
आई सूतगिरणीत होती, लग्न एकविसाव्या वर्षी.
बापाने आहेर काय दिला?
सगळे दात काढून दिले.
एका दुपारी. चांगले होते तेही.
म्हणजे जावयाला पुढे खर्च नको.
मला दंतकथाच वाटली,
पण लॅबमधली मॉरीन वर न बघता म्हणाली,
माझ्या मावशीचं असंच.
आमच्याकडे मुलीच्या अंगावर चार डाग घालतात.
हिच्या अंगावरचे
अठ्ठावीस उतरवून घेतले.

मेमरी क्लिनिकचा डॉक्टर तरुण आहे,
बोलता बोलता पेनाचं टोपण चावतो.
म्हणाला, चावलं की डोक्याकडे रक्त धावतं.
दाढेच्या मुळाशी एक तार असते,
ती वर सारखं काहीबाही कळवत राहते:
हे कडक, हे नरम,
हा खडा, थांब.
दाढ गेली की निरोप थांबतात.
पण आधी कोण गेलं, दात की आठवण,
छातीठोक सांगता येत नाही.
विसरणारा माणूस दात घासायचंही विसरतो.
आणि गरिबी दोन्ही नेते.
चणे आणि दात यांचं जुनं भांडण
माझ्या ओठांवर आलं होतं.
त्याला कुठे समजावत बसू.

माझी उजवी दाढ दिवाळीत काढली.
जीभ अजून तिथे जाऊन येते,
बंद खोलीची कडी हलवून बघावी तशी.
परवा तशीच एका शब्दासाठी गेली.
दादांच्या पानाच्या डब्यातलं ते,
पितळेचं,
दोन पाय, एक जबडा,
मध्ये सुपारी ठेवली की कट्.
वस्तू दिसत होती, आवाज ऐकू येत होता,
नावाच्या जागी नुसती हिरडी.
दोन दिवस.
मग त्र्याऐंशी नंबरच्या बसमध्ये,
तोंडात काहीही नसताना,
अडकित्ता.
मोठ्यानेच म्हणाले.
शेजारच्या मुलाने इयरफोन काढला. 'सॉरी?'

आज होममधून फोन,
डोरीनला खालची कवळी टोचते, जेवत नाही.
ती खिडकीशी बसलेली.
टिश्यूत गुंडाळलेलं काहीतरी
तिने माझ्या तळहातावर ठेवलं.
'कुणा म्हातारीची राहिली गं इथे. देऊन टाक तिला.
नाव आहे बघ आत.'
चष्म्याशिवाय वाचलं तिने, स्पष्ट, डी. ऑग्डन.
'ही मी नव्हे. मी व्हिटवर्थ.
ऑग्डन शनिवारनंतर.'
आणि हसली,
त्या सगळ्या बोळक्यानिशी,
हात आड न धरता.

'मग दुखतंय कुठे?'
तिने बोट आत घातलं,
खाली, उजवीकडे, अगदी मागे.
'ही. नवीन येतेय.'

मी टॉर्च धरला.
गुळगुळीत हिरडी,
शेवटाला कवळीने उठवलेला एक लाल ठिपका.
ग्लव्हच्या बोटाने ती जागा चाचपली,
जरा वेळ चाचपतच राहिले.

'हो,' म्हटलं, 'अक्कलदाढ आहे.
थोडं दुखेल.'